पडद्याची उंची

“बाई, माझी ठकी बुडाली!”

पडद्यामागून वैजूचा आवाज आला आणि सतरंजीवर बसलेली पोरं खदखदून हसली. मी त्यांच्यातच बसून बाहुल्यांचा खेळ बघत होते. पडद्याच्या वर ससा होता, माकड होतं, शर्मिष्ठाच्या हातातली चष्मेवाली आजी होती. ठकीचा मात्र नुसता लोकरीचा बुचडा दिसत होता. तो दोनदा वर आला, पुन्हा खाली गेला आणि मागोमाग धप्प असा आवाज झाला.

मी उठून मागे धावले. वैजू फरशीवर बसली होती. कुबडी लांब जाऊन पडली होती, उजव्या पायातला लोखंडी पट्ट्यांचा बूट वाकडा झाला होता. एक हात मात्र वर ताठ होता, आणि त्या हातात ठकी.

“लागलं का गं?”

“न्हाई. ठकीला बी न्हाई लागलं.”

सहा वर्षांची होती ती. वैजयंता तातोबा लोखंडे. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि पाय वाळला. तो बूट मिरजेहून करून आणलेला होता. चालताना खट्‌, खट्‌ वाजायचा. हजेरी घेताना वैजू आली का हे बघायला मला कधी मान वर करावी लागली नाही.

हे ऐंशी-एक्क्याऐंशी सालातलं. साखर कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांची बालवाडी होती आणि मी तिथली बाई. यजमान कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मदतीला तानूबाई. पन्नाशीच्या, विधवा, तोंडानं फटकळ. पोरांची शेंबडं नाकं पुसता पुसता त्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायच्या.

बाहुल्यांचा नाद माझा. हातात घालायच्या बाहुल्या. पहिलं बोट मानेत, अंगठा आणि मधलं बोट दोन बाह्यांत. तोंडं कागदाच्या लगद्याची. त्यात मेथीची पूड घातली की उंदीर लागत नाहीत. कागद मिळायचा ऊस तोलायच्या काट्यावरच्या रद्द पावत्यांचा, आणि त्या पावत्या गुलाबी असत. त्यामुळे आमचा ससाही गुलाबी, माकडही गुलाबी.

ठकी तयार झाली त्या दिवशी वैजूनं तिचा झगा वर करून आत बघितलं होतं.

“बाई, हिला पायच न्हाईत.”

“अगं, हातातल्या बाहुल्यांना...”

“सशाला?”

“त्यालाही नाहीत.”

“आजीला?”

ती बसल्या जागेवरून सरकत सरकत गेली. एकेका बाहुलीचा झगा उचलून तिनं बघितला आणि मग पोट धरून हसायला लागली. “कुणालाच न्हाईत की!” तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तर त्या दिवशी ठकी बुडाली. पडदा म्हणजे तानूबाईंचं जुनं लुगडं, दोन खिडक्यांच्या गजांना दोरी बांधून टाकलेलं. पोरं त्याच्यामागे उभी राहून हात वर करायची. ठकी वर करायची तर वैजूला कुबडी सोडावी लागे, आणि कुबडी सोडली की ती उभी राहत नसे. मी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “वैजू, तू आमच्याबरोबर गाणं म्हण. ठकी आपण...”

उंबऱ्यात खाऊच्या शेंगा फोडत बसलेल्या तानूबाईंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

“अवो बाई, पोरीला काय वर वडताय? पडदा खाली घ्या की. दोरी तुमीच बांधलीया, देवानं न्हाई बांधली.”

मी दोरी सोडून खिडकीच्या खालच्या गजाला बांधली. सगळ्यांना म्हटलं, मागे मांडी घालून बसा. पोरांना गंमत वाटली. आणि खरं सांगते, खेळही चांगला व्हायला लागला. उभ्यानं हात वर धरला की पाच मिनिटांत भरून येतो आणि एकेक बाहुली खाली जायला लागते. बसलं की कोपर गुडघ्यावर टेकता येतं. ढकलाढकलीही थांबली. वैजूला घसरत घसरत खाली बसायला वेळ लागायचा, तोवर बाकीची ताटकळायची. मग पिंट्या म्हणून एक उपद्व्यापी पोरगा होता, त्यानं आरोळी काढली, “एक बसला की सगळे बसले!” तो आमचा नियमच झाला. हाच पिंट्या जून महिन्यात वैजूच्या मागे लंगडत चालून दाखवायचा.

दिवाळीनंतर शिरगावकर साहेब एक कागद घेऊन आले. ते कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर, बालवाडी त्यांच्याच खात्यात. माणूस चांगला, हसतमुख.

“अष्टेकर बाई, येतं साल आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष आहे. आपल्याकडे कार्यक्रम करायचा ठरलाय. बालवाडीतर्फे काहीतरी छोटंसं बसवा. भाषणं आम्ही करतोच, पण लोक भाषणाला थांबत नाहीत.”

मी गोष्ट लिहिली. ठकी काठी घेऊन चालते. ससा, माकड आणि आजी डोंगरावरच्या जत्रेला निघतात. ठकीला कसं न्यायचं? शेवटी माकड म्हणतं, बस माझ्या पाठीवर. असं मी लिहिलं होतं. ठकीच्या हाताला केरसुणीचा हीर शिवला, ती काठी.

पहिल्याच तालमीत पिंट्याचं माकड म्हणालं, “ठके, बस माझ्या पाठीवर.”

“नको,” ठकी म्हणाली.

मी पुढून म्हटलं, “वैजू, असं नाही. ‘बरं’ म्हणायचं.”

“मला नको पाठीवर. रोज आबाच्या पाठीवर बसून बसून कटाळा आलाय.” मग ठकीनं काठी हलवली. “हळू चाला की मग! जत्रा काय पळून चाललीया?”

समोरची पोरं हसली नाहीत. बघत राहिली. मग सशानं एक पाऊल टाकलं आणि थांबला. माकडानं एक टाकलं आणि थांबलं. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौघं इतकी हळू गेली की मला घड्याळ बघावंसं वाटलं, पण एकही पोर हललं नाही. मी माझं वाक्य खोडलं आणि तिचं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं नळावर पाणी प्यायला निघाली ती रांगेनं, एकेक पाऊल टाकत. पिंट्या पुढे होऊन हात आडवे धरून ओरडत होता, “ए पळू नका, जत्रा काय पळून चाललीया?” वैजू मधोमध, खट्‌, खट्‌. तानूबाईंनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. “ह्यानला कुणी शिकवलं वो?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

जूनमध्ये ही पोरं पहिलीत जाणार होती. शाळा पाटाच्या पलीकडे. तानूबाईंनी मला सांगितलं, वैजूला तिचा बाप शाळेत घालणार नाही म्हणतोय. मी कामगारांच्या चाळीत त्यांच्या खोलीवर गेले.

तातोबा गव्हाणीवर कामाला होता. गाड्यांमधला ऊस जिथे कारखान्यात ओततात, तिथे. आडवा बांधा, केसांत नेहमी उसाचं चिपाड अडकलेलं. मला बघून त्यानं बाजेवरची वाकळ झटकली. त्याची बायको यशोदा चहा ठेवायला उठली.

“बाई, तुमचं खरं हाय,” तो म्हणाला. “पोरगी हुशार हाय, मला न्हाई का कळत? पर शाळा पाटापलीकडं. पुलाला कठडा न्हाई. मी पाळीवर, ही रानात. न्यायचं कुणी?”

“मुलं नेतील. आता रोज नळावर नेतात, चाळीपर्यंत सोडतात.”

“पोरं हायती, बाई. आज हळू चालतील, उद्या पळतील. न् ही मधीच उभी. मग रडत घरी. आता घरात हाय तर सुखात हाय.”

“तातोबा, तुम्ही तिला बालवाडीत कधी बघितलंच नाहीत. पंधरा मार्चला हॉलमध्ये कार्यक्रम आहे. या. ती काय करते ते बघा, मग ठरवा.”

“बघून ठरवू म्हंता?”

“बघून ठरवा.”

“येतो. पाळी बदलून घेतो.”

वैजू बाजेखाली काहीतरी करत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “आबा, माझी ठकी बघाय येणार?”

“येतो की. पर तुमच्या एवढ्या बाहुल्या. तुझी वळखू कशी?”

“तिच्या हातात काठी असंल,” ती म्हणाली. “न् आत माझा हात असंल.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही हॉलवर तालमीला गेलो. कामगारांचा हॉल, लांबच लांब, सपाट फरशीचा. स्टेज नव्हतं. पुढे गेस्ट हाऊसचे सोफे आणून ठेवले होते, मागे खुर्च्यांच्या रांगा. मी नेहमीसारखा पडदा खाली बांधला. शिरगावकर जाऊन दहाव्या रांगेत बसले आणि तिथून ओरडले, “बाई, मला इथून फक्त साहेबांची टकलं दिसणार!”

पोरं हसली.

ते उठून जवळ आले. “पडदा वर घ्यावा लागेल. पाच फूट तरी. मुलांना बाकांवर उभं करा.”

“मुलं बसून करतात हो. सवय तशी आहे.”

“मागे दोनशे माणसं असतील, त्यांनी काय बघायचं?”

“सगळ्यांसाठी सतरंज्या अंथरल्या तर?”

“एम.डी. साहेबांना सतरंजीवर बसवू? बाई, माझी नोकरी घालवता काय?” असं म्हणून ते मोठ्यानं हसले.

मीही हसले.

माळ्यानं मातीच्या डब्यांत दोन बांबू रोवले, पडदा वर चढला, मागे दोन बाक जोडून ठेवले. पिंट्या टुणकन वर चढला, शर्मिष्ठा चढली, ससा चालवणारा पोरगा चढला. वैजूला मी उचलून वर ठेवलं. बाक जरा डुगडुगला आणि तिनं दोन्ही हातांनी माझी मान धरली.

“खुर्ची घालू मागं,” तानूबाई म्हणाल्या. “तीवर बसवू. मी कमरंला धरून हुबी ऱ्हाते.”

“तुम्ही देखावे कसे बदलणार मग? डोंगर आहे, जत्रा आहे.”

“डोंगर जरा वेळ जाग्यावरच ऱ्हाईल. त्याला कुटं जायचंय?”

“तानूबाई, पडली-बिडली तर? सगळ्यांच्या समोर?”

“पडल. रोज पडतीया, रोज उठतीया.”

मी वैजूला खाली उतरवलं. तिच्यापुढे बसले आणि आवाज गोड करून म्हणाले, “वैजू, असं करू या. ठकी बोलेल तुझ्याच आवाजात. तू इथं मागे खाली चवाळं अंथरून बस आणि बोल. फक्त ठकीला हातात शर्मिष्ठा धरेल. तिची आजी दुसऱ्या हातात.”

वैजूनं ठकीकडे बघितलं. मग हळूच एकेक बोट सोडवून ती हातातून काढली आणि शर्मिष्ठाला दिली. शर्मिष्ठा इंजिनिअर साहेबांची, उंच, हात लांबसडक. तिनं ठकी घातली.

“बाई, हिचं बोट बारीक हाय,” वैजू म्हणाली. “मान ढिली पडंल. चिंधी घाला आत.”

मी इकडेतिकडे बघत होते. तोवर तिनंच आपल्या परकराच्या निघालेल्या काठाचा तुकडा फाडला, ठकीच्या मानेत बोटानं नीट बसवला आणि म्हणाली, “आता हालव.” शर्मिष्ठानं हलवली. मान ताठ राहिली.

मी तानूबाईंकडे बघितलं. त्यांना गप्प बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. एम.डी. साहेब आले, त्यांच्या मिसेस आल्या, भाषणं झाली. मी पडद्याच्या कडेला पेटी घेऊन बसले होते. तिथून मला समोरची माणसंही दिसत होती आणि मान वळवली की मागचीही. मागे वैजू चवाळ्यावर बसली होती, कुबडी मांडीवर आडवी. तिचा उजवा हात वर होता, तीन बोटं बाहुलीत घालतात तशी धरलेली. मला वाटलं, हात अवघडला असेल.

खेळ रंगला. ससा आला, टाळ्या. माकड आलं, जास्त टाळ्या. ठकी काठी टेकत आली तेव्हा हॉल शांत झाला. मी दाराकडे बघितलं. तातोबा आला होता. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला टेकून, खाकी कपड्यांवर उसाचा भुसा तसाच. त्यानं टाचा उंचावल्या होत्या. ठकीच्या हातातली काठी दिसली तेव्हा तो हसला आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून काहीतरी म्हणाला.

“ठके, बस माझ्या पाठीवर.”

“मला नको पाठीवर. हळू चाला की मग! जत्रा काय पळून चाललीया?”

सगळा हॉल हसला. एम.डी. साहेबांनी मांडीवर थाप मारली. वैजूचा आवाज असा खणखणीत लागला होता की शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला असेल. मागे तिची तीन बोटं हवेत काठी हलवत होती.

खेळ संपला की बाहुल्या चालवणाऱ्यांनी बाहुल्या हातात तशाच ठेवून पडद्यापुढे यायचं, ही आमची रीत होती. बालवाडीत तर पोरांना खेळापेक्षा त्याचीच घाई असायची. शिरगावकरांनी माईकवरून नावं पुकारली. ती यादी मीच दिली होती. ससा, माकड, मग ‘आजी आणि ठकी : कुमारी शर्मिष्ठा’. वैजूचं नाव मी खाली ‘पार्श्वगायन व संवाद’ असं लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलंच नाही, की वाचलं आणि टाळ्यांत ऐकू आलं नाही, मला आठवत नाही.

मिसेस एम.डी. उठून आल्या आणि त्यांनी शर्मिष्ठाचा गाल कुरवाळला. “काय गोड आवाज आहे गं तुझा! आणि किती ठसक्यात बोललीस!”

शर्मिष्ठा गोंधळली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. “बाई, आवाज तर...”

“मॅडमना नमस्कार कर,” मी म्हणाले.

तिनं वाकून नमस्कार केला. ठकीही वाकली. फोटो निघाला.

दोन मिनिटांचं काम होतं. पडद्यामागे जायचं, वैजूला उचलायचं आणि पुढे आणायचं. मला काय अडलं होतं, हे मी गेली चाळीसेक वर्षं स्वतःला विचारते आहे. वेळ नव्हता, गर्दी होती, असं बरीच वर्षं सांगत आले. खरं उत्तर इतकंच, की सगळं छान झालं होतं आणि मला ते बिघडवायचं नव्हतं.

मी मागे गेले तेव्हा तातोबा तिथे आधीच पोचला होता. तानूबाई चवाळं झटकत होत्या. वैजू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून कडेवर होती, बूट लोंबकळत होता.

“तातोबा, ऐकलंत ना? किती सुंदर बोलली. सगळा हॉल...”

“वळखला की आवाज,” तो म्हणाला. “आवाज माझ्या पोरीचा. गाल दुसऱ्या पोरीचा.”

“अहो, पडदा उंच घ्यावा लागला. नाहीतर मागच्या माणसांना दिसलं नसतं.”

“मी मागंच हुतो, बाई.”

तो हे रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं वैजूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“तुमी लई केलं तिच्यासाठी. वाईट वाटून घ्यू नका. पर तुमी शिकलेल्या, मायेच्या. तुमीच जर तिला मागं ठिवली, तर तितं पाटापलीकडं तिला पुढं कोन घील?” मग दोन पावलं जाऊन थांबला. “बघून ठरवा म्हनला हुता. बघिटलं.”

तो गेला. वैजूनं खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तिनं काही विचारलं नाही. सहा वर्षांच्या पोरीनं विचारायला हवं होतं.

जूनमध्ये तिच्याबरोबरची सगळी पोरं पाट ओलांडून पहिलीत गेली. वैजू गेली नाही. मी दोनदा तातोबाला निरोप पाठवला. एकदा ‘बघू पुढल्या वर्षी’ असं उत्तर आलं, एकदा आलंच नाही. पुढल्या वर्षी यजमानांनी दुसऱ्या कारखान्यात नोकरी धरली आणि आम्ही तिथून हललो. तिला शाळेत घातलंच नाही, हे मला नंतर तानूबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पत्रातून कळलं. पत्रात एवढंच एक वाक्य तिच्याबद्दल होतं. बाकी सगळं नव्या बाईंना कशी शिस्त नाही याबद्दल.

पण निघण्याआधी मी एकदा तिच्याकडे गेले होते. ठकी त्या कार्यक्रमापासून शिरगावकरांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात होती, खाली ‘अपंग वर्ष’ अशी चिठ्ठी लावून. मी ती मागून घेतली आणि पिशवीत घालून चाळीत गेले. रविवार होता, दुपारचे चार-साडेचार.

दार उघडंच होतं. आत शेजारपाजारची सात-आठ बारकी पोरं जमिनीवर बसलेली. शाळेच्या वयाचीही नव्हती, नागडी-उघडी, एकाच्या हातात भाकरीचा तुकडा. बाजेच्या दोन पायांना सुतळी बांधून तिच्यावर यशोदाचं लुगडं टाकलेलं. त्याच्यामागे वैजू भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरी. तिघींच्या हातांत चिंध्यांच्या बाहुल्या. वैजूची बाहुली खाकी कापडाची होती, बापाच्या जुन्या शर्टाची.

“बाई आल्या!” ती ओरडली. रुसवा-फुगवा काही नाही. मला वाटलं होतं, असेल.

मी ठकी काढून पुढे केली. “तुझी आहे. घे.”

तिनं खाकी बाहुली मांडीवर ठेवली, ठकी घेतली, झगा सारखा केला, हीर तुटलाय का बघितलं. मग बोट आत घालून बघितलं. मानेत ती चिंधी तशीच होती. बोट अर्धंच गेलं.

“चिंधी काढ की,” मी म्हणाले. “काढली की बसेल.”

तिनं मान हलवली आणि ठकी मला परत दिली. “ऱ्हाऊ दे. ती आता हिंडून आलीया. मला ही हाय.”

मी ठकी धरून तशीच उभी राहिले. काय काय बोलायचं ठरवून गेले होते. चुकलं म्हणणार होते. सात वर्षांच्या पोरीला ते कसं सांगतात, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

“बाई, खाली बसा की,” वैजू म्हणाली. “तुमी उभ्या ऱ्हायला तर मागच्याला दिसत न्हाई.”

मी मागे वळून बघितलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून तातोबा जमिनीवर बसला होता. पाळीवरून आला असावा, केसांत चिपाड. त्यानं मला बघून हात जोडले नाहीत, की ‘या’ म्हटलं नाही. माझ्या अंगावरून वाकून तो पडद्याकडे बघत होता.

आज मला खाली बसता येत नाही. गुडघे गेलेत, जेवणसुद्धा खुर्चीवर. ठकी माझ्या कपाटात आहे. मेथीच्या पुडीमुळे कसर लागली नाही, आणि मानेतली चिंधी मी आजवर काढली नाही.

त्या दिवशी मात्र मला बसता येत होतं. मी पदर सावरला आणि पोरांच्या मध्ये, जमिनीवर बसले. वैजूनं खाकी बाहुली हातात चढवली. ते लुगडं इतकं खाली बांधलेलं होतं, की बाहुलीच्या मागे तिचा हात दिसत होता, खांदा दिसत होता, आणि तोंडसुद्धा.